बायकांच्या डोहावरचा सापळा

जुना आहे, फाटका आहे, पण गप्प बसणारा नाही. मित्रांनो, मी त्से-त्से माशीचा सापळा. खाली निळे-काळे कापड, वर पांढऱ्या जाळीचे टोपडे, टोकाला बाटली. निळ्या रंगाला भुलून माशी आत शिरते, उजेडाकडे चढते आणि बाटलीत अडकते. हीच माशी चावल्याने झोपेचा आजार पसरतो. माणूस दिवसा पेंगतो, रात्री भटकतो आणि औषध मिळाले नाही तर मरतो.

माझा जन्म.

काँगोतल्या एका बाजारात माकाया शिंप्याने मला शिवले. असला चहूकडून उघडा झगा कोणत्या नवरीसाठी, असे त्याने विचारले. शिवायला टाकणारी लुझोलो खूप हसली. ती तेव्हा विद्यार्थिनी होती. साथीचे रोग कसे पसरतात, याचा अभ्यास करत होती.

माझे वैभव.

मोटरसायकलला बांधून तिने मला दहा वर्षे हिंडवले. माश्या कुठे, आजारी कुठे, हे टिपून तिने नकाशा काढला. त्या नकाशाने तिला डॉक्टर केले, नाव दिले. राजधानीतल्या सभेत मला टेबलावर उभे केले, तेव्हा टाळ्या वाजल्या. माझे कापड दोनदा बदलले, सांगाडा मात्र तोच राहिला.

माझी अप्रतिष्ठा.

पुढे एका गावात मला माबियाला नावाच्या मदतनिसाकडे सोपवले. त्याने मला रस्त्याकडेला टांगले. पहिल्या वर्षी माशी नाही. दुसऱ्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी बाटलीत एक कोळी राहायला आला.

राजधानीतल्या तिच्या संस्थेच्या प्रमुखांनी अहवाल तयार केला : गाव निर्धोक, यापुढे तपासणीचे पथक येणार नाही. फक्त लुझोलोची सही बाकी होती. सहीआधी ती एकदा स्वतः बघायला आली.

माबियाला मान खाली घालून म्हणाला, "डॉक्टरबाई, बाटली रिकामी आहे खरी. पण माझी मेहुणी, मातोंदो, दिवसभर पेंगते. चुलीवरचं करपतं तरी उठत नाही. घरचे आळशी म्हणतात."

"दिवसभर असते कुठे ती?"

"डोहावर. कसाव्याचे कंद भिजत घालायला."

"मग सापळा तिथे का नाही लावला?"

"तिथे बायका अंघोळ करतात. माझी सासूही. जावयानं तिकडं पाऊल टाकायचं? त्यापेक्षा मला पुरा."

लुझोलोने आपला नकाशा उलगडला. मित्रांनो, तो बिचारा खोटे बोलत नव्हता. त्याने फक्त रीत पाळली होती. आणि लुझोलोचे सगळे मदतनीस पुरुषच होते, सगळे कुठल्या ना कुठल्या गावचे जावई. तिच्या नामांकित नकाशात एकही असा डोह नव्हता.

नकाशा मिटून ती मला खांद्यावर टाकून उतरणीला लागली.

डोहात माबियालाची सासू, मामा न्सोना, गुडघाभर पाण्यात उभी होती; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात. तिने लुझोलोला खालून वर न्याहाळले. "इतकी बुकं शिकलीस, पोरी, आणि पाणवठा आज सापडला होय?"

"चुकलं माझं, मामा."

"मग उभी काय? टांग तुझा तो झगा."

दोन दिवसांत बाटलीत चौदा माश्या सापडल्या.

लुझोलोने टेकडीवर चढून प्रमुखांना फोन लावला. मी तिच्या पायाशीच होतो. अहवाल छापायला गेला, फक्त तुझी सही जोडायची आहे, असे ते म्हणाले. मग आवाज मऊ करून समजावू लागले, "अगं, हे बाहेर पडलं तर तुझाच नकाशा खोटा ठरेल. दहा वर्षांचं काम."

"ठरू दे."

"आणि तुला मिळणारं मोठं पद?"

"ते तुमच्या हातात आहे. सही माझ्या हातात आहे, आणि ती मी करणार नाही."

तिने ती केली नाही. पद दुसऱ्याला मिळाले. आपलीच चूक तिने स्वतःच्या नावाने छापली आणि डोहांचा नवा नकाशा सुरू केला. पथक गावात आले. मातोंदोच्या रक्तात आजार सापडला, अजून वेळ गेली नव्हती. गोळ्या संपल्यावर तिने पहिल्यांदा आईशी कडाडून भांडण केले. मला आळशी कोण म्हणालं होतं, ते आधी सांगा, असे ती विचारत होती. सगळा डोह ते ऐकत होता, आणि मामा न्सोना तोंड फिरवून कसावा धूत होती.

अलीकडे संस्थेतून मुले आली होती. मला काचेच्या कपाटात ठेवायचे म्हणत होती. जपून ठेवू, मान देऊ, वगैरे.

मला तो मान नको! काचेमागे माशी येत नाही, मित्रांनो. माझी काळजी घ्यायचीच असेल तर फाटले तिथे ठिगळ लावा आणि जिथे जायला तुमचे पाय अडखळतात, तिथे मला टांगा. तुम्हाला स्वतःला जाता येत नसेल, तर जिला जाता येते तिला विचारा.

माबियाला आजही खाली उतरत नाही. तो वरच्या वाटेवर पाठ फिरवून उभा राहतो आणि हाक मारतो. मग मातोंदो बाटली सोडवते, चढण चढते आणि त्याच्या हातात देण्याआधी माश्या स्वतः मोजते.