राणीसाहेबांना इसाकभाईंनी काय पाजलं

हुस्नबानोचं पत्र येऊन दोन वर्षं चार महिने झाले. साधा पांढरा लिफाफा होता, आत वहीचं फाडलेलं पान, आणि त्यावर मराठी शाळेत शिकलेल्या बाईचं गोल, सुटं अक्षर. मला ते आता पाठच झालं आहे.

"तोताराम काका, सलाम. मी इसाक ड्रायव्हरची मुलगी, धुळ्याहून लिहिते. अब्बांनी राणीसाहेबांना जीपमध्ये गुळाचं पाणी पाजलं, हे ते स्वतः सगळ्यांना सांगायचे. कधी लपवलं नाही. का पाजलं ते विचारलं की गप्प बसायचे. म्हणायचे, तोतारामभाऊंना माहीत आहे. अब्बा आता नाहीत. मोबाईलवर लोक म्हणतात की त्यांनी विष पाजलं. माझा शेहजाद शाळेची व्हॅन चालवतो. अकरा मुलं होती, चार राहिली. तुम्ही दोन ओळी लिहून द्या. मी त्या शाळेत दाखवीन."

दोन ओळी. चौतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाकडे त्या बाईनं दोन ओळी मागितल्या होत्या. मी सात वेळा कागद घेतला. एकदा वाटलं, मायना चुकला. एकदा वाटलं, माझ्या सहीला कोण विचारतो. एकदा तर पूर्ण पान लिहून झालं आणि मी ते शब्दकोशात घालून ठेवलं, उद्या पुन्हा वाचू म्हणून. असले उद्या मला फार सापडतात.

हिवरपाणीच्या राणीसाहेबांचं नाव आमच्या जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांत कुणाला सांगावं लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं एवढंसं संस्थान, राजवाडा म्हणजे कौलारू दुमजली घर. पण बाई स्वतः जीप घेऊन पाड्यापाड्यावर फिरायच्या, जंगलजमिनीच्या दाव्यांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायच्या, आणि होळीला हजारो माणसं त्यांच्या अंगणात नाचायची. चौदा वर्षांपूर्वी होळीच्याच दिवशी दुपारी त्या अचानक गेल्या. पुतण्यानं संध्याकाळीच अंत्यविधी उरकला. शवविच्छेदन झालं नाही. तेवढं लोकांना पुरलं.

पुतण्यानं गादीसाठी मारलं, असं काही जण म्हणतात. लाकूड ठेकेदारांनी मारलं, असं काही जण. जमिनीच्या दाव्यांची डायरी गायब झाली, असंही आहे. अशी डायरी मी तरी कधी पाहिली नाही, आणि बाईंची सगळी कागदपत्रं मीच लावत होतो. सगळ्या कथांमध्ये एक गोष्ट मात्र सारखी: विष इसाक ड्रायव्हरनं दिलं. ठेकेदार बदलतात, पुतण्या कधी सुटतो कधी अडकतो, इसाक तिथंच. आणि त्याच्यासोबत जीपमध्ये एक 'चष्मेवाला इसम' होता, जो त्या दिवसापासून बेपत्ता आहे.

चष्मेवाला इसम मी. बेपत्ता नाही. जळगावात राहतो, रोज सकाळी साडेनऊला वाचनालयात पेपर वाचायला जातो.

यंदा फेब्रुवारीत तिथंच दीपकरावांनी मला तो व्हिडिओ दाखवला. दीपकराव दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. ऐकायला कमी येतं म्हणून मोबाईलचा आवाज मोठा. धुळ्याचा कुणी हितेंद्र, 'राणीसाहेबांचा खून: भाग सहा'. मागे तुतारी वाजत होती. आणि मग पडद्यावर एक पिवळी व्हॅन आली. नंबर स्पष्ट दिसत होता. हितेंद्र सांगत होता, ज्या हातांनी विष पाजलं त्यांचा नातू आज तुमच्या मुलांना शाळेत पोहोचवतोय, विचार करा.

"नंबर लिहून घ्यायला पाहिजे," दीपकराव म्हणाले. "आमची मुलगी भूमिका धुळ्यातच असते, तिची पोरं व्हॅननंच जातात."

मी म्हणालो, हे खोटं आहे.

"तुम्हाला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"तुम्ही काय जीपमध्ये बसला होता का, तोतारामभाऊ?" असं म्हणून ते हसले, आणि टेबलाभोवतीचे बाकीचेही हसले. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि पेपर उचलला. त्या पेपरात काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

रागातच घरी आलो. दीपकरावांवर राग होता, त्या तुतारीवर होता, पण सगळ्यात जास्त त्या पेपरवर होता, जो मी उचलला.

व्हिडिओच्या खाली नंबर होता. त्यावर मी फोन केला. आयुष्यात अनोळखी माणसाला आपणहून फोन करायची माझी ती तिसरी की चौथी वेळ असेल. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. हितेंद्र फार अदबीनं बोलला. नाना, नाना करत होता.

"जीपमध्ये मीच होतो म्हणणारे तुम्ही चौथे, नाना."

मी त्याला सांगितलं की बाईंना साखरेचा आजार होता, रोज सकाळी इंजेक्शन घ्यायच्या, त्या दिवशी इंजेक्शन घेऊन उपाशी राहिल्या, साखर उतरली, म्हणून इसाकभाईंनी गूळ दिला. त्यानं ऐकून घेतलं.

"असेलही. पण हे दोन मिनिटांत संपलं. सहा भाग झालेत माझे, लोक सातव्याची वाट बघतायत. तुमच्याकडे डायरी आहे का?"

"नाही. मी तिथं त्यांच्या पुस्तकांची यादी करत होतो. एक हजार चाळीस पुस्तकं. ती यादी आहे."

"राहू द्या," तो म्हणाला. "तब्येत सांभाळा, नाना."

मला वाटायचं, असल्या माणसांना खोटं खरं वाटतं म्हणून ती बोलतात. तसं नव्हतं. त्याला खरं कळलं होतं आणि ते त्याला छोटं पडत होतं.

पण मी त्यालाही सगळं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बाई उपाशी का राहिल्या, ते मी चौदा वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

हिवरपाणीची रीत अशी की होळीसाठी उंच बांबू डोंगरातून आणायचा. त्याला दांडा म्हणतात. तो खांद्यावरूनच आला पाहिजे. वाटेत जमिनीला टेकवायचा नाही, गाडीत घालायचा नाही. दांडा आणणारी माणसं अंगणात येऊन जेवल्याशिवाय गादीवरच्या माणसानं तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी सकाळी आठला बाईंनी माझ्यासमोर इंजेक्शन घेतलं. मी कपाटाशी बसून याद्या लिहीत होतो. त्या म्हणाल्या, दहापर्यंत दांडा येतो दरवर्षी. पण त्या वर्षी खालच्या वाटेवर रस्त्याचं काम निघालं होतं, वाट खणून टाकलेली. दांडेकरी नाल्याच्या बाजूनं लांबून निघाले. दहा वाजले, बारा वाजले. बाईंना घाम फुटला. इसाकभाईंच्या आईला हाच आजार होता, त्यांनी बघताक्षणी ओळखलं आणि तांब्यात गूळ कालवून आणला. बाईंनी तोंड फिरवलं. पुन्हा आणला, पुन्हा फिरवलं. मी काय करत होतो? मी पुस्तक हातात धरून उभा होतो.

एकच्या सुमारास त्या ओसरीवर कलंडल्या. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. थोडी शुद्ध होती, तेव्हा आम्हा दोघांना म्हणाल्या:

"दांडेकऱ्यांना हे कळू देऊ नका. पुढच्या वर्षी दांडा धरताना त्यांचे हात कापतील."

पुढं एका चहाच्या टपरीजवळ इसाकभाईंनी गाडी थांबवली, बाटलीतलं गुळाचं पाणी बोटानं त्यांच्या हिरड्यांना चोळलं, दोन घोट ओठांत सोडले. टपरीवाल्यानं तेवढं पाहिलं. धुळ्याला पोहोचण्याआधी सगळं संपलं होतं.

नंतर पोलिसांत माझा जबाब झाला. मला विचारलं, चालकाने वाटेत गाडी थांबवून मयतास काही पाजले काय? मी म्हणालो, होय. पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जे पुस्तक मागितलं तेवढंच काढून द्यायची माझी सवय. तो एक शब्द आजही त्या व्हिडिओत लाल गोल करून दाखवतात.

इसाकभाईंनी बाईंचा शब्द पाळला आणि त्यापायी स्वतःचं नाव घालवलं. नोकरी गेली, मशिदीबाहेर लोक बोट दाखवू लागले, तरी बोलले नाहीत. मीही तेच करतोय असं मी स्वतःला सांगत आलो. पण माझं काय गेलं? काही नाही. मी घाबरट होतो आणि घाबरटपणाला बाईंचं नाव दिलं होतं.

हे कळल्यावरही पत्र लिहवेना. खरं लिहिलं तर दोष दांडेकऱ्यांवर जाणार. एका गरिबाच्या डोक्यावरचा दगड उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा, हा न्याय कसला? म्हणून होळीला आठ दिवस असताना मी चोपड्याची एसटी धरली, तिथून जीप, आणि हिवरपाणीच्या वरच्या पाड्यावर आमश्याकडे गेलो. त्या वर्षी दांड्याच्या पुढं तो होता.

आमश्याच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. त्याची सून सरितानं पाणी दिलं, खाट टाकली. मी अर्धा तास पावसापाण्याचं बोललो. मग एकदम सगळं सांगितलं, वर न बघता. इंजेक्शन, दहाची वेळ, गूळ, बाईंचे शब्द. शेवटी म्हणालो, चौदा वर्षं तुमच्यापासून लपवलं, माफी असावी.

आमश्या फुलं वर-खाली करत होता. त्याचा हात थांबला नाही.

"आम्ही आलो तेव्हा ओसरीवर तिचं ताट झाकलेलं होतं," तो म्हणाला. "तांब्यात गूळ होता. आम्ही काय आंधळे?"



त्यानं सांगितलं, त्याच संध्याकाळी सगळ्या पाड्यांना समजलं होतं. पंच बसले. दांडा आता एक दिवस आधी निघतो आणि रात्री खालच्या शिवारात माणसं पाळीपाळीनं खांद्यावर घेऊन उभी राहतात. अंगणात पहिलं ताट बाईंच्या नावानं वाढतात, मग बाकीचे बसतात. ही रीत झाली आता, लहान पोरांनाही माहीत आहे. हात कुणाचे कापले नाहीत.

मग त्यानं विचारलं, इसाकचं काय झालं? मी ते गेल्याचं सांगितलं, व्हिडिओचं सांगितलं, व्हॅनचं सांगितलं, पत्राचं सांगितलं, पत्र कधी आलं तेही सांगितलं. तेव्हा मात्र त्याचा हात थांबला.

"दोन वर्षं?"

"हो."

"आमनी लाज राखाकरता?" त्याचा आवाज चढला नाही, पण सरिता दारात येऊन उभी राहिली. "आम्हले कोनी इचारं, भाऊ? तुम्ही परस्पर ठरवी टाकं की आम्हले सोसाव नही. त्या इसाकनी पोरले सोसाले लागनं. आम्हले सांगतात तं आम्ही बठ्ठा पाडा धुळाले जातूत."

मला हितेंद्रचा राग होता, वाचनालयातल्या हसण्याचा राग होता, आणि तो सगळा राग खरा होता. पण आमश्याच्या अंगणात बसल्यावर दिसलं की त्या माणसानं खोट्याला आवाज दिला आणि मी खऱ्याला दिला नाही. हुस्नबानोच्या दारात दोन्हींचं एकच झालं.

"कागद शे का?" आमश्यानं विचारलं.

पिशवीत माझ्या कागद नेहमी असतो. खाटेवर बसूनच लिहिलं. मायना चुकला असेल, दोनदा खोडलं, तसंच ठेवलं. मी लिहिलं:

"हुस्नबानो, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, त्याचं कारण माझा भित्रेपणा, दुसरं कोणतंही नाही. त्या दिवशी जीपमध्ये मी होतो. तुझ्या अब्बांनी राणीसाहेबांना गुळाचं पाणी दिलं, कारण साखर उतरलेल्या माणसाला तेच द्यायचं असतं, आणि हे तिथं त्यांना एकट्यालाच कळलं. घरी त्यांनी दोनदा दिलं, रीत मोडू नये म्हणून बाईंनी घेतलं नाही. घेतलं असतं तर कदाचित त्या वाचल्या असत्या. मी डॉक्टर नाही, पण मी पाहिलं आहे. जबाबात मी 'होय' म्हणालो, पुढचं बोललो नाही. तो गुन्हा माझा आहे, त्यांचा नाही. हे पत्र शाळेत दाखव, पोलिसांना दाखव, ज्याला हवं त्याला दाखव. शाळेनं बोलावलं तर मी येतो. उभं राहून बोलायची मला सवय नाही, तरी बोलेन."

खाली पूर्ण नाव, जळगावचा पत्ता आणि फोन नंबर लिहिला. आमश्यानं ते सरिताकडून दोनदा वाचून घेतलं. मग स्वतःचं नाव एकेक अक्षर जोडत लिहिलं, आणि पाड्यातून आणखी तिघांना हाक मारली, जे त्या वर्षी दांड्याखाली होते. एकाला लिहिता येत नव्हतं, त्यानं अंगठा लावला. होळी झाली की आम्ही धुळ्याला जाऊन येऊ, असं आमश्या म्हणाला. मला चला म्हणाला नाही. मीच म्हणालो, येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपड्याच्या पोस्टात रांगेत उभा राहिलो. मध्येच वाटलं, एकदा शुद्धलेखन पाहून घ्यावं. लिफाफा उघडा होता. तोवर माझा नंबर आला. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, साधं की स्पीड पोस्ट. स्पीड पोस्ट म्हणालो. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं, ते सांगितलं. ऐकू गेलं नाही म्हणाल्या, मोठ्यानं सांगितलं. मग लिफाफ्याच्या कडेचा डिंक ओला करून मीच तो बंद केला. त्यांनी वर पट्टी चिकटवली आणि तो मागच्या पिशवीत टाकला.