राहीबाईचं चौथं लेकरू

नेरडीगोंडा मंडल, म्हणजे छोटा तालुकाच, नवंनवंच झालं होतं. त्या सालचा हुकूम म्हणजे, गावात शाळेच्या वयाची तीस मुलं नसतील तर मराठी शाळा बंद. पद्मिनीबाई फॉर्म घेऊन घरोघर फिरल्या. बेरीज आली बावीस. तीनदा केली, बावीसच! बाईंना रडू कोसळलं. नऊ वर्षं त्यांनी ही शाळा लेकरासारखी सांभाळली होती.

बाई पोस्टानं एम.एड. करत होत्या. संशोधनाच्या संख्यात्मक आणि गुणात्मक अशा दोन्ही पद्धती त्यांना तोंडपाठ. पण मनातून त्यांचं मत पक्कं: आकडा तेवढा खरा, बाकी चुलीपुढच्या गप्पा.

दुसऱ्या दिवशी राहिलेला अंगठा घ्यायला त्या राहीबाईकडे गेल्या. फॉर्मात मुलं तीन, आणि चुलीपुढे जेवत होती चार.

"हा चौथा कोणाचा?"

"माहाच की."

"मग तीन काऊन सांगितले?"

राहीबाई पदराआड हसली. "पुरते सांगत असतेत का, बाई? एक हातचा ठेवा लागते. नाही तं लेकराले नजर लागते."

"आमी नाही मानत असलं काही," बाई ठसक्यात म्हणाल्या. पण फॉर्म त्यांनी पिशवीत कोंबला आणि फतकल मारून बसल्या. "बरं, किती ते नका सांगू. थोरला काय करून राह्यला, ते सांगा."

मग काय विचारता! थोरला शेळ्यांमागे, दुसरीला गोड गळा, तिसऱ्याचं नाक सदा गळतं, चौथा माती खातो. बाई पुन्हा घरोघर गेल्या, चहा पिऊन पिऊन पोट बिघडलं, पण वहीत नावं चढत गेली. नऊ घरांत नऊ लेकरं जास्तीची निघाली.

शनिवारी मंडलाचे शिक्षणाधिकारी व्यंकटराव तपासणीला आले. एकतीस नावं पुकारली, एकतीस "हजर" आले. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. व्यंकटराव पोट धरून हसले आणि शाळा चालू ठेवण्याच्या कागदावर त्यांनी सही ठोकली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"आता तुमची माहिती. मुलं किती, बाई?"

"एक," बाई बोलून गेल्या.

पहिल्या रांगेत त्यांची दोन्ही पोरं मांडीला मांडी लावून बसली होती. धाकट्यानं चमकून आईकडे पाहिलं.

 व्यंकटरावांनी रकान्यात दोन लिहिलं.