पिवळ्या टाचण्यांचा नकाशा

मी एक जुना नकाशा आहे, मित्रांनो. वाहतूक सुरक्षा संघाच्या कचेरीत, खिडकीशेजारच्या भिंतीवर मी एकतीस वर्षं काढली.

मला संघाच्या चिटणिसांनी हातानं काढलं. दिवसभर सायकलवरून रस्ते पालथे घालायचे आणि संध्याकाळी माझ्यात शाई भरायची. अपघात झाला की माझ्यावर लाल टाचणी लागे. थोडक्यात टळला, तर पिवळी. पिवळी मात्र जो वाचला त्यानंच येऊन टोचायची, असा त्यांचा नियम. लोक त्यांना टाचणीकाका म्हणत.

शाळेजवळच्या वळणावरची पहिली पिवळी टाचणी त्यांच्या मुलीची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. एक ट्रक तिच्या सायकलला घासून गेला होता आणि दोन दिवस तिनं ते पोटात ठेवलं होतं. शेवटी कचेरीत येऊन म्हणाली, "बाबा, रागावणार नाही ना?"

काकांनी खुर्ची ओढली आणि तिला वर उभं केलं. "कुठं झालं, दाखव. इथं? टोच मग. सांगितलंस ते फार बरं केलंस."

पुढे त्या वळणावर आणखी दहा टाचण्या लागल्या. रस्ते खात्याचे साहेब दरवर्षी सभेला येत. काका तिथं गतिरोधक मागत.

"यात लाल कुठंय, काका?"

"लाल लागेपर्यंत थांबायचं का, साहेब?"

साहेब हसत आणि घड्याळ बघत.

गेल्या वर्षी काका आजारपणात गेले. कचेरीत संगणक आला. लाल टाचण्यांची ठिकाणं त्यात भरली गेली. "पिवळ्यांत तर काही झालंच नव्हतं," असं म्हणून कारकुनांनी त्या काढल्या, डबीत टाकल्या आणि मला गुंडाळून कपाटावर ठेवलं. माझ्यावर धूळ साचली.

मग एका दुपारी काकांची मुलगी त्यांचा चष्मा आणि छत्री न्यायला आली. तिनं मला उलगडून खिडकीशी धरलं. शाळेच्या वळणावरून उन्हाचे अकरा ठिपके तिच्या हातावर पडले.

"हाही घेऊन जा ना, ताई," कारकून म्हणाले. "आठवण म्हणून."

"आठवणीला चष्मा आहे. हा साहेबांना दाखवायचाय."

दुसऱ्या दिवशी तिनं मला साहेबांच्या खिडकीवर चिकटवलं. "हे खालचं भोक माझं. आता माझी मुलगी त्याच शाळेत जाते."

साहेबांनी बोटानं एकेक भोक मोजलं. लाल टाचणीचं नाव त्यांनी काढलं नाही.

दोन महिन्यांनी गतिरोधक झाला. मी पुन्हा भिंतीवर आलो, शेजारी पिवळ्या टाचण्यांची डबी.

मित्रांनो, थोडक्यात वाचलात तर ते हसण्यावारी नेऊ नका, भीतीनं लपवूही नका. घरी सांगा. आणि घरच्यांनो, आधी ऐकून घ्या, मग रागवा.

काकांनी ओढलेली ती खुर्ची अजून माझ्याखालीच आहे. कुणीही चढावं.