ज्योतीरामच्या उजव्या पायाची राखण

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. रक्तात राहते, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून माझी विचारपूस कधी कुणी केली नाही. पण तळवड्याच्या ज्योतीरामच्या अंगात मी वर्षानुवर्षं पहारा दिला आहे, तेव्हा माझे चार शब्द ऐकाच.

माझा जन्म त्याच्या हाडातल्या मगजात झाला आणि शिक्षण छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत. तिथे धडा एकच: आपलं कोण आणि परकं कोण. ज्यांना तो जमला नाही, त्या तिथेच संपल्या. आम्ही पास झालेल्या मोठ्या तोऱ्यात बाहेर पडलो. लहानपणी ज्योतीरामच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तेव्हा आमच्याच भाऊबंद पेशी लढून मेल्या आणि पू होऊन वाहून गेल्या. जखम भरली. त्याची आई म्हणाली, "माझ्या लेकाचं अंग लई गुणाचं हाय." त्या एका वाक्यावर आम्ही कितीतरी वर्षं खूष होतो.

सन अडुसष्टमध्ये ज्योतीराम पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर लागला. उजव्या पायानं पेडल दाबायचं, पत्रा कापला जायचा, की पुन्हा दाबायचं. शिफ्टभर तोच पाय. आणि मोकळा वेळ मिळाला की बिडी. धुराबरोबर तंबाखूचं विष रक्तात उतरायचं. काय सांगू, त्यानं आमची मतीच फिरली. पायाच्या रक्तवाहिन्यांची आतली भिंत, जिला रोज अंग घासून आम्ही जायचो, तीच परकी वाटायला लागली. असं का होतं, ते मोठ्या डॉक्टरांनाही पुरतं उमगलेलं नाही. आम्ही भिंतीवर तुटून पडलो. ती सुजली, रक्ताच्या गुठळ्या झाल्या, वाट बुजली. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय.

आधी पोटरी भरून यायची, मग अंगठा काळानिळा पडून त्यावर जखम झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "तंबाखू बंद केलीत तर पाय वाचेल. नाहीतर कापावा लागेल."

ज्योतीराम शब्दाला पक्का. बिड्यांचं बंडल त्यानं इस्पितळाच्या दारातच टाकलं. त्याच्या बायकोनं, अंबुबाईनं, म्हसोबाला नारळ फोडला. शेजारच्या मशिनवरच्या चांदभाईनं त्याच्यासमोर बिडी पेटवणं सोडलं. "मानलं राव तुला," तो म्हणाला.

पण रोज सकाळी अंबुबाई तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दोघं ओट्यावर बसून मिश्री लावायची. ते तर दातांचं औषध, त्याला तंबाखू कोण म्हणतं? बिडी सुटल्यापासून त्याचं बोट दिवसभर त्या डबीत जायचं. हिरड्यांतून तेच विष यायचं आणि आम्ही पुन्हा तुटून पडायचो. जखम काही भरेना. त्याच्या जिवाला तेवढाच विरंगुळा म्हणून अंबुबाई आणखी बारीक मिश्री कुटून द्यायची.

शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांनी तिला रागानंच विचारलं, "चोरून बिडी ओढत होते ना?"

"न्हाई साहेब. बिडीला शिवलं बी न्हाईत. निस्ती मिश्री लावायचे, ती बी माझ्या हातची."

डॉक्टर खुर्चीत बसले आणि हळू आवाजात त्यांनी तिला सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं. मग पिशवीतली डबी काढून टेबलावर ठेवली.

"म्हंजे ह्यांचा पाय म्याच भाजला म्हना की तव्यावर," ती म्हणाली.

मित्रांनो, मला रडता येत नाही, पण त्या दिवशी फार वाईट वाटलं. पेडलावर आता दुसऱ्याचा पाय आहे. ज्योतीराम ओट्यावर बसून असतो. सकाळी अंबुबाई त्याच्या तळहातावर मीठ ठेवते आणि स्वतःही मीठच लावते. कधी तलफ आली की तो तिच्याकडे बघतो. ती नुसती मान हलवते.

तंबाखू धुरातून आली काय नि डबीतून आली काय, आम्हाला सारखीच. आमची खोड गेलेली नाही, आम्ही फक्त निजलो आहोत. त्याच्या डाव्या पायात निजलो आहोत. आम्हाला उठवू नका.