वाळक्या काड्यांना कान लावणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापडाची नव्हे, झाडांची. लोहाराने मला दोन पाती आणि एक स्प्रिंग दिली. दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत वस्तीने फुलबाग केली, तेव्हा मी शिंपीदादांच्या हाती आले. लोंबता दोरा त्यांना कधीच खपत नसे.

बागेतले निळ्या फुलांचे झुडूप आजींचे होते. या जमिनीवर सर्वांत आधी राहिलेल्या लोकांपैकी त्या. त्याच्या पानांच्या रंगात त्यांच्याकडे बाळाचे पहिले दुपटे भिजवतात. शेवटचे मूठभर बी त्यांनी इथे पेरले होते. झुडूप एकच वर्ष जगते. बी धरले नाही, तर वाण संपले.

थंडीत शिंपीदादांनी बागेतली प्रत्येक वाळकी काडी माझ्याकडून कापून घेतली. सगळे म्हणाले, "वा!" मीही फुगले. पुढे निळी फुले उमलली, पण शेंग एकही धरेना.

"दादा, वाळक्या काड्या कुठायत?" आजींनी विचारले.

"जाळल्या की! कसं लख्ख दिसतंय बघा."

"लख्ख? अहो, मावशीचं पाळणाघर जाळलंत तुम्ही!"

मावशी म्हणजे नखाएवढी काळी मधमाशी. ती काडी पोखरून आत अंडी घालते. ती फुलाला बिलगून गुणगुणली, की त्या थरथरीनेच पराग झडतात. नुसत्या वाऱ्याने नाही.

 शिंपीदादा एकदम वळले. "थांबा आजी! सरळ काड्यांची एक मोळी ठेवलीय मी, वेलांना आधार द्यायला. चिंधीसुद्धा टाकवत नाही मला."

"तुमचा चिकटपणा आज कामी आला म्हणायचा!"

मोळी माझ्याच शेजारी, गार अंधाऱ्या कोठीत होती, म्हणून आतल्या मावश्या अजून झोपेतच असतील, असे आजी म्हणाल्या. त्यांनी ती उन्हात टांगली. रोज सकाळी दोघे काड्यांना कान लावत. पाचव्या दिवशी एका काडीतून भुशाचे बूच बाहेर पडले. मागून एक काळे डोके आले.

त्या वर्षी अकरा शेंगा धरल्या. बी राखून झाल्यावर उरलेल्या पानांत आजींनी पणतीचे दुपटे रंगवले. शिवले अर्थात शिंपीदादांनी.

आता मी बरेच महिने खिळ्याला असते. मित्रांनो, मला अधूनमधून तेल द्या, गंज फार टोचतो. पण वाळकी काडी दिसली म्हणून लगेच माझ्याकडे हात नेऊ नका. आधी तिला कान लावा. मी थांबेन.