पहिल्या क्रमांकाचा प्रश्न

आमच्या ओट्यावर सकाळी गरम पाण्याचं पातेलं असतं, ते माझ्यासाठी. त्यात बोटं बुडवून बसल्याशिवाय माझी मूठ वळत नाही. संधिवाताने बोटं एका बाजूला कलली आहेत, सगळीच दाराकडे बघत बसल्यासारखी. कात्री सुटून बरेच दिवस झाले. घराच्या पुढच्या खोलीतलं शिलाईचं दुकान आता लेक चालवते, माझ्याच मशीनवर आणि माझ्यापेक्षा सफाईने. हे तिला तोंडावर कधी सांगितलं नाही, नाहीतर लगेच डोक्यावर बसेल.

या हिवाळ्यात ती भांडी घासताना नळाचं गरम पाणी जरा जास्तच वेळ हातांवर घेऊ लागली. विचारलं तर म्हणाली, "थंडी आहे ना, आई." थंडी मलाही कळते. काज करताना सुई निसटली की ती आधी माझ्याकडे बघायची, मी पाहिलं का म्हणून. मी पाहिलेलं असायचं. 

शेवटी मीच म्हटलं, "दवाखान्यात चल."

"आणि ते म्हणाले शिलाई बंद कर, मग?" ती फटकन बोलली. "बंद करून काय करू? तुझ्यासारखी खिडकीत बसू?"

मला राग आला, पण मी स्वतः शिवतच राहिले होते. शिवत राहिले म्हणून हात गेले, की ते जाणारच होते, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास माझ्या दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंचा निरोप आला. या बाई औषधं देत नाहीत. सांधे बिघडले तरी बरणी कशी उघडायची, बटण कसं लावायचं, काम कसं सोडायचं नाही, ते शिकवतात. त्यांनी पेशंटांची बैठक बोलावली होती. संधिवाताच्या माणसांसाठी पुढचं संशोधन आधी कशावर व्हावं, ते म्हणे आम्ही ठरवायचं. बैठक दुपारी होती, कारण सकाळी आमच्यातलं कोणी धड उठतच नाही. बरं दिसावं म्हणून सगळे दुखण्याची जादा गोळी घेऊन आले होते, मीसुद्धा. बाई म्हणाल्या, "आज सगळे किती ताजेतवाने दिसताय!" मी मनात म्हटलं, उद्या सकाळी घरी येऊन बघा.

प्रत्येकाने एकेक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठ्या फळ्यावर लावायच्या आणि आपसात बोलून त्यांचा क्रम ठरवायचा. नियम एकच: आपल्या चिठ्ठीची बाजू आपण मांडायची नाही. स्वतःचं घोडं पुढे दामटणारे फार असतात म्हणून. मी लिहिलं, 'दुखण्याची नुकतीच सुरुवात असेल तर हाताचं काम सोडावं, की सांभाळून केलं तर हात टिकतात?'

झोपेचा प्रश्न वर गेला, थकव्याचा वर गेला. माझी चिठ्ठी खाली खाली सरकत होती आणि मला नियमाने तोंड उघडता येत नव्हतं. माझी नजर त्या चिठ्ठीवरून हटेना.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांचे अंगठे माझ्याहून वाईट. ते माझ्या हातांकडे बघत हळूच म्हणाले, "ताई, तुमची सुरुवात होऊन तर जमाना झाला. हा प्रश्न कोणासाठी?"

"शेजारणीच्या मुलीसाठी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. शेजारणीच्या मुलीसाठी कोणाचे डोळे असे भरून येत नाहीत, हे त्यांना दिसलं असावं. ते उठले, फळ्याजवळ गेले आणि म्हणाले, "माझा थकव्याचा प्रश्न खाली घ्या, हा वर घ्या. आमचं व्हायचं ते होऊन गेलं. ज्यांचं अजून व्हायचंय, त्यांचं आधी बघा."

 मग एकेक हात वर झाला, जेवढा होतो तेवढा. माझी चिठ्ठी पहिली आली. टाळ्या झाल्या, त्याही आमच्यासारख्यांच्या, आवाज नसलेल्या.

सगळे निघाल्यावर मी बाईंना गाठलं. "मग उत्तर कधी मिळेल?"

त्या बोटांवर मोजू लागल्या. "आधी पैसे मंजूर होतील, मग माणसं जमवायची, मग त्यांच्या हातांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. आठ-दहा वर्षं धरा."

 पहिला क्रमांक मिळवून मी नक्की काय मिळवलं, तेच मला कळेना.

"घरी असं कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"लेक."

"घेऊन या. डॉक्टरांचं औषध आताच सुरू झालं तर फरक पडतो. अंगठ्याला आधार देऊ, कात्री बदलू."

"तिला शिलाई बंद कर म्हणणार नाही ना तुम्ही?"

"तसं वचन मला देता येणार नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या असत्या तर त्यांचे पाय धरले असते मी.

घरी लेक मशीनवरच होती. "काय ठरलं?"

"माझा प्रश्न पहिला आला."

"वा! आणि उत्तर?"

"उत्तर कोणाकडेच नाही गं. बाईंनी तुला बोलावलंय, पण तू गेलीस म्हणजे काम सुटणार नाही, असं मला सांगता येत नाही. नाही गेलीस तर सुटणार नाही, असंही नाही. मला फक्त भीती वाटते."

ती चिडेल असं वाटलं होतं. तिने मशीन थांबवलं, कापड घडी करून ठेवलं आणि आत निघून गेली.

सकाळी मी पातेल्यात हात घालून बसले होते. ती आली, बाह्या वर केल्या आणि तिने आपले हात माझ्या हातांशेजारी पाण्यात सोडले. तिच्या बोटांचे सांधे सुजून लालसर झाले होते. इतक्या जवळून ते ती मला पहिल्यांदाच बघू देत होती.

"दुकान आज उशिरा उघडू," ती म्हणाली. "आधी तुझ्या बाईंकडे जाऊन येऊ."

पातेलं लहान होतं. माझी मूठ अजून वळत नव्हती, तरी मी माझे हात बाहेर काढले.