मूठभर तांदळाची शाळा

मी एक जुनी पायली आहे. फणसाच्या लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची आणि स्वभावाने जरा हट्टी. नंदाखालजवळच्या एका गावात, चर्चच्या मराठी शाळेत मी राहते. मित्रांनो, तुम्ही तांदूळ किलोने आणता. पूर्वी तो माझ्यासारखीने मापत.

एकोणिसाव्या शतकात तालुक्याच्या साहेबाने गावाला बजावले, "सगळी मुले सरकारी शाळेतच गेली पाहिजेत." तिथे प्रार्थना नव्हती, धर्मशिक्षण नव्हते. गावकरी म्हणाले, "मुलं शिकतील, पण आमच्या शाळेत." साहेब डोळे वटारून निघून गेला आणि गावाने चर्चच्या ओसरीवर शाळा मांडली. पण मास्तरांचे पोट कसे भरायचे? मग रीत पडली. रोज भात रांधताना घरोघरी मूठभर तांदूळ बाजूला निघे आणि रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येताना बायका तो माझ्यात ओतत. शिगोशीग भरून मी मास्तरांच्या घरी जाई. काय मान होता माझा!

पुढे मास्तरांना पगार मिळू लागला आणि माझ्यात खडू आले. नंतर खडूही गेले, कोळ्यांनी जाळी विणली. फार वाईट वाटे मला.

यंदा पहिलीसाठी एकही नाव आले नाही. मुले बोळिंजच्या इंग्रजी शाळेत निघाली. पहिलीच नाही तर शाळा किती दिवस टिकणार? गावाची सभा भरली. शाळा समितीचे निकोलस अंकल म्हणाले, "नियमच करूया. जो आपल्या शाळेत मूल घालणार नाही, त्याच्या मुलाला पहिला कम्युनियन नाही!"

पहिला कम्युनियन म्हणजे मुलाला चर्चमध्ये प्रथमच पवित्र भाकर मिळते तो मोठा दिवस; तोच अडवायचा? माझा संताप झाला. अहो, हा तर त्या साहेबाचाच हुकूम!

मुख्याध्यापिका सेलिन बाई उठल्या. "अंकल, जबरदस्ती नको होती म्हणून आपली शाळा निघाली. आता आपणच जबरदस्ती करायची? मी घरोघरी जाते."

दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून त्या गावातल्याच लेस्लीच्या दारात उभ्या राहिल्या.

"तांदूळ नको रे, लेस्ली. तुझी ब्रिटनी दे पहिलीला."

लेस्ली ओशाळला, पण खरे बोलला. "बाई, मीपण आपल्याच शाळेत शिकलो. इंटरव्ह्यूला इंग्लिशमध्ये तोंड उघडत नव्हतं माझं. पोरीचं तसं नको व्हायला."

बाई म्हणाल्या, "चुकलं आमचं. इंग्रजी मी स्वतः शिकवीन, रोज. तू वर्गात येऊन बस. नाही पटलं तर खुशाल घेऊन जा तिला. कम्युनियन कोणी अडवणार नाही, ते माझ्यावर सोड."

जूनमध्ये ब्रिटनीसकट पहिलीचा वर्ग भरला. लहानसाच आहे, पण आहे.

मित्रांनो, मला पुसून ठेवलेत तर बरे वाटेल; नाही ठेवलेत तरी मी रुसणार नाही. पण शाळा आपली वाटत असेल तर नुसते तिचे गोडवे गाऊ नका. आत या, चुकते तिथे तोंडावर सांगा. आमचा लेस्ली कामावर जाण्याआधी रोज मागच्या बाकावर, गुडघे कानाशी घेऊन बसतो. आज त्याने बाईंना भर वर्गात थांबवले, "बाई, हे पोरांना कळलं नाही. परत सांगा."

बाईंनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.